पालनकर्तीचा बिल्ला

वहिनीच्या स्वयंपाकघरात ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर एक गोल बिल्ला चिकटवलेला आहे. गुलाबी रंग, मधोमध ओंजळीत धरलेलं बदाम आणि खाली ‘पालनकर्ती’. डबा रोज उघडमीट करून त्यातलं ‘पालन’ पुसट झालंय, ‘कर्ती’ अजून वाचता येतं. गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या भागातल्या बचतगटांच्या बायकांसाठी एक दिवसाचं ‘स्वतःला ओळखा’ शिबिर झालं, तिथून तो आला. वहिनीबरोबर मीही गेले होते. आधी पोहे-चहा, मग छत्तीस प्रश्नांचा कागद, मग गुणांची बेरीज, आणि बेरजेवरून प्रत्येकीला बारांपैकी एक आदिबंध, म्हणजे स्वभावाची एक जुनी मूळ प्रतिमा. योद्धा, शोधक, निर्माती, ऋषी, विदूषक, राज्यकर्ती अशी ती यादी. चाळीसेक बायका होत्या, त्यांतल्या निम्म्याहून जास्त पालनकर्ती निघाल्या.

शिकवायला आलेली मुलगी चांगली होती, मनापासून बोलत होती. वहिनीला म्हणाली, “काकू, तुमच्यात साक्षात अन्नपूर्णा आहे. दुसऱ्याला दिलं की तुम्हाला भरून पावतं.” टाळ्या पडल्या. वहिनीनं बिल्ला पदराला लावून घेतला आणि खाली बसता बसता माझ्या कानाशी म्हणाली, “वन्सं, म्हंजे आता जल्मभर वाढतच बसायचं व्हय?”

एकट्या वहिनीचा प्रश्न असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मी शिकवते त्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीची मुलं आता स्वतःच्या नावापुढं चार इंग्रजी अक्षरं लावून येतात. मोबाइलवर चाचणी दिलेली असते. “मॅडम, मी त्या टाइपातली आहे, मला गटात काम जमत नाही,” असं सोळा वर्षांची मुलगी सांगते, जणू रक्तगट सांगावा. भाच्याला, म्हणजे वहिनीच्याच थोरल्याला, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मुलाखतीआधी असाच कागद भरायला दिला. लेथवर काम करणाऱ्या पोराला प्रश्न होता, पार्टीत तुम्ही आपणहून अनोळखी माणसांशी बोलता का? त्यानं शेजारच्याला विचारलं, पार्टी म्हणजे रस्सामंडळ धरायचं का? रस्सामंडळ म्हणजे मित्रांनी जमून रस्सा करून खायची बैठक; तिच्यात अनोळखी माणूस असतोय कुठं!

तेव्हा प्रश्न सार्वजनिक आहे. माणसानं स्वतःला समजून घ्यायला या जुन्या प्रतिमांचा उपयोग करावा की नाही, आणि करायचा तर कुणी, कुठं?

‘आर्केटाइप’ला मराठी समीक्षेत आपण आदिबंध म्हणतो. कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञानं (१८७५–१९६१) हा शब्द मानसशास्त्रात रुजवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आई, वीर, म्हातारा शहाणा, लबाड खोडकर अशा काही आकृत्या माणसाच्या मनात आधीपासूनच असतात, आणि जो तो समाज त्यांत आपापल्या कथा भरतो. त्यानं उपमा दिली होती नदीच्या कोरड्या पात्राची. पाणी आटतं, पात्र राहतं, आणि पाणी परत आलं की त्याच वाटेनं धावतं. २०१९चा महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला ही उपमा समजावून सांगायला नको. आपण बांधलेल्या भिंती पंचगंगा विचारात घेत नाही, तिला तिची जुनी वाट पाठ असते.

युंगनं १९२१ साली स्वभावप्रकारांवरही लिहिलं. पुढं अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी त्यावरून सोळा खणांची चाचणी बेतली. माझ्या विद्यार्थिनीची चार अक्षरं त्यातली. गंमत अशी, की अशा खणांत माणसं वाटत बसणं हा पोरखेळ आहे, असं खुद्द युंगनंच १९३४ साली लिहून ठेवलंय. शिबिरातल्या बारा जणांची पंगतही त्यानं बसवलेली नाही. ती १९९१ साली कॅरल पिअर्सन यांनी मांडली, आणि दहा वर्षांनी तीच यादी कुठल्या मालाला कुठला आदिबंध शोभेल हे ठरवायला जाहिरातीच्या धंद्यात गेली. वहिनीच्या पदराला लागला तो शिक्का साबणाच्या वडीलाही लागतो.

या चाचण्या आपल्याला पटतात का? १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी ४.२६ आली. मग त्यानं सांगितलं की सगळ्यांना दिलेला कागद एकच आहे, आणि मजकूर बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला आहे. ‘वरवर तुम्ही खंबीर दिसता, पण आतून कधी कधी धास्तावता’ अशा जातीचं वाक्य महाद्वार रोडवर कुणालाही थांबवून म्हणा. दहातले नऊ जण म्हणतील, तुम्हाला कसं कळलं हो?

इथवर आलं की माझे बुद्धिवादी मित्र टाळी मागतात. झालं, म्हणतात, हे नवं ज्योतिष आहे, टाकून द्या. मी टाळी देत नाही. मराठी शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली. गोष्टीतल्या पात्राच्या आडून माणूस स्वतःला बघतो, हे मी रोज वर्गात पाहते.

मराठी तरुण विशीच्या आत एकदा तरी कर्ण होतो. आपल्याच जिल्ह्यातल्या आजऱ्याच्या लेखकानं १९६७ साली कर्णावर कादंबरी लिहिली, तेव्हापासून तर ही साथच आहे. काही वर्षांपूर्वी बारावीच्या एका मुलानं ‘मी आणि माझं घर’ या निबंधात स्वतःला कर्ण केलं होतं. गुण असून डावललेला, थोरला असून उपरा. निबंध उत्तम होता आणि पूर्ण खोटा नव्हता. मी त्याला म्हटलं, आता हेच घर शल्याच्या नजरेनं लिहून आण. शल्य कोण, हे त्याला ठाऊक होतं. कर्णाचा सारथी, ज्यानं ऐन लढाईत त्याचा तेजोभंग करायचं काम पत्करलं तो. आठवडाभर पोरगं फिरकलं नाही. मग दीड पान आणून दिलं. धाकटा भाऊ गल्लीत बॅटिंगला उभा राहिला की हा कट्ट्यावर बसून त्याला काय काय बोलतो, एवढंच त्यात होतं. खाली एक ओळ, “मॅडम, मी त्याचा शल्य आहे हे मला माहीत नव्हतं.”

कर्ण होऊन त्या मुलाला स्वतःबद्दल काही नवं कळलं नव्हतं. आपल्यावर अन्याय होतो, हे त्याला आधीच पाठ होतं. कळलं ते नकोशा पात्रात शिरल्यावर. चाचणीत हे होऊच शकत नाही. प्रश्नांची उत्तरं आपण देतो, म्हणून उत्तरात आपल्याला हवी ती पात्रं निघतात. ‘तुम्ही लहान भावाचा पाणउतारा करता का’ या प्रश्नापुढं बरोबरची खूण कोण करेल?

म्हणून माझं म्हणणं असं आहे: आदिबंध घ्यायचा तर सोंगासारखा घ्यावा. सोंग चढवायचं असतं, त्यात काही वेळ नाचायचं असतं आणि उतरवायचं असतं. भारुड बघा. एकनाथांनी आंधळा, बहिरा, जोशी, वेडी, विंचू चावलेला अशी किती सोंगं घेतली. त्यातलं एकही ‘मी अमुक प्रकारचा माणूस आहे’ असं सांगत नाही. विंचू काम-क्रोधाचा असतो, जोगव्यातला महिषासुर मोहाचा असतो, हे ऐकणाऱ्याला सोंग बघता बघताच कळतं. युंगच्या आधी साडेतीनशे वर्षं गावच्या पारावर हे काम चालू होतं, आणि तिथं कुणी बिल्ले वाटत नव्हतं. युंगचाच दुसरा शब्द ‘पर्सोना’, म्हणजे नटाचा मुखवटा. गौरीचे मुखवटे आपण काढतो, बसवतो, तिसऱ्या दिवशी उतरवून पुन्हा पेटीत ठेवतो. पेटीत न ठेवलेला मुखवटा तोंडाला चिकटतो.

आणि आपल्या गावात तर याचा पाठ दरवर्षी नऊ दिवस चालतो. नवरात्रात अंबाबाईची रोज वेगळी पूजा बांधतात. पंचमीला ती गजारूढ असते, अष्टमीला महिषासुरमर्दिनी. दुपारी पूजा बांधून झाली की आज कुठल्या रूपात आहे हे बघायला गाव लोटतं, आणि दुसऱ्या दिवशी ते रूप उतरतं. खाली मूर्ती तीच. त्या दगडी मूर्तीचे हात साडी-दागिन्यांमुळं आपल्याला सहसा दिसत नाहीत, बहुतेकांनी ते फोटोतच पाहिले असतील. चार हात आहेत. एकात म्हाळुंग, एकात गदा, एकात ढाल आणि एकात पानपात्र. फळ आणि गदा एकाच अंगाला! छत्तीस प्रश्नांचा कागद अंबाबाईला दिला असता तर बेरीज काय आली असती कोण जाणे.

जाता जाता एक सांगते. कोल्हापूरच्या बायका ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. मी लिहिताना ‘गेले’ लिहिते, घरी ‘गेलो’च म्हणते. पुण्यात शिकायला होते तेव्हा यावरून माझी भरपूर टिंगल झाली. प्रत्येक बाईच्या मनात एक पुरुष आणि प्रत्येक पुरुषाच्या मनात एक बाई असते, हे युंगनं मोठ्या खटाटोपानं मांडलं. माझ्या आजीला त्याचं काही वाटलं नसतं. ती म्हणाली असती, मी कवाच सांगितलो की.

शिक्क्याला मी एवढी का घाबरते? कारण हा देश शिक्क्यांचा आहे. अमका लढवय्या, तमका हिशेबी, अमकीचा जन्म सेवेसाठी, हे आपल्याला कुणा स्विस डॉक्टरनं शिकवलेलं नाही. माणसाच्या जन्मावरून त्याचा स्वभाव आणि स्वभावावरून त्याचं काम ठरवण्याची आपल्याकडं हजारो वर्षांची सवय आहे. इंग्रजांनी फौजभरतीसाठी ‘लढाऊ जमातीं’ची यादी केली, तेव्हा तिला शास्त्राचा पोशाख चढवला एवढंच. अशा मातीत ‘तुमचा मूळ पिंडच पालनकर्तीचा’ असं बाईला सांगणं निरुपद्रवी नसतं. जिला पन्नास वर्षं वाढायला लावलं, तिला प्रश्न विचारले, तर उत्तरं वाढण्याचीच येणार. मग त्या उत्तरांवरून सांगायचं की हा तुमचा स्वभाव आहे! सक्तीला स्वभाव म्हणणं आणि वर टाळ्या वाजवणं, ही जुनी रीत आहे. देव्हाऱ्यात बसवलेल्या बाईला उठून जाता येत नाही.

शिवाय सगळं आत डोकावून सुटतं, हा या शिबिरांचा दावा मला पटत नाही. आपल्याच शहरातली गोष्ट. गंगाराम कांबळे संस्थानच्या चाकरीत होते. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मार खावा लागला. शाहू महाराजांनी त्यांना पैसे देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला लावलं. नाव ‘सत्यसुधारक’. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक कुठून येणार? महाराज स्वतः गाडी तिथं थांबवत, चहा मागवत आणि बरोबरच्या मंडळींना तो प्यायला लावत. आता विचार करा, त्या काळी कुणी कांबळ्यांना शिबिरात बसवून सांगितलं असतं, की तुमच्यात उद्योजक दडला आहे, त्याला जागवा. जागा झाला असता, तरी चहा कोण प्यायलं असतं? भूमिका बदलायला भांडवल लागतं आणि कप तोंडाला लावणारी चार माणसं लागतात. वहिनीला ‘राज्यकर्ती’चा बिल्ला मिळाला असता, तरी घरचं बँकेचं पासबुक दादाच्याच कपाटात राहिलं असतं.

माझा काका पैलवान होता. तालमीत प्रत्येक गड्याचा एक हुकमी डाव असतो. कुणाची ढाक, कुणाची एकलंगी, कुणाचा घिस्सा. पोराचा डाव वस्तादाला चार दिवसांत कळतो, म्हणजे म्हटलं तर तोही माणसं ओळखून खणात घालतो. पण पुढं तो काय करतो ते बघा. ज्या डावात पोरगं कच्चं, त्याचीच जोड रोज त्याच्या अंगावर घालतो. काका म्हणायचा, एका डावावर जगणाऱ्याला खासबागेत पहिल्या वर्षी टाळ्या पडतात, दुसऱ्या वर्षी त्याची तोड घेऊनच समोरचा उतरतो.

मग काय करावं? नोकरी देताना, बढती देताना, पोरांची शाखा ठरवताना या चाचण्या बंद व्हाव्यात, यात मला शंका नाही. सोळा खणांची ती चाचणी विकणारी कंपनीसुद्धा सांगते की भरतीसाठी ती वापरू नका. आपल्याकडं तीच वापरतात, कधी फुकटची नक्कल उतरवून. एखाद्या पोराच्या फायलीत ‘नेतृत्वगुण कमी’ असं एकदा पडलं, की ते पुसायला त्याच्याकडं खोडरबर नसतो. वर्गात, बचतगटात, घरात मात्र या प्रतिमा जरूर आणाव्यात, खेळ म्हणून, आणि आपल्या कथांतून. बारा अनोळखी पात्रं आयात करण्याची गरज मला दिसत नाही.

आपल्याकडं तर अशा कथा आहेत, की ज्यांच्यापुढं तो छत्तीस प्रश्नांचा कागद फिका पडावा. या शहराचं नावच बघा. करवीर माहात्म्यातली कथा सांगते, की देवीनं कोल्हासुराला मारलं, आणि मरताना त्यानं मागितलं की या क्षेत्राला माझं नाव राहू दे. देवीनं दिलं. राज्य तिचं, नाव त्याचं. आपण ज्याला हरवलं त्याचं नाव कपाळावर घेऊन आपण जगतो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. माणसाच्या मनातल्या नाकारलेल्या बाजूला युंग सावली म्हणायचा. ती मारून संपत नाही, तिला नाव देऊन जागा द्यावी लागते, हे त्याचं म्हणणं कोल्हापूरच्या पाटीवर लिहिलेलं आहे.

त्याहून मला त्र्यंबोली देवीची कथा जवळची वाटते. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष. त्यानं योगदंडाच्या बळावर देवांचीच शेरडं करून टाकली. त्र्यंबोलीनं युक्तीनं तो दंड काढून घेतला, कामाक्षाला मारलं, सगळ्यांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला, आणि त्यात तिलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली, टेकडीवर जाऊन शहराकडं पाठ करून बसली. आपली टेंबलाई. चूक लक्षात आल्यावर अंबाबाई लवाजम्यासह तिची समजूत काढायला तिथं गेली. युद्धात काय घडलं ते तिला पुन्हा करून दाखवलं, कोल्हासुराच्या जागी कोहळा ठेवून. ललिता पंचमीला आजही पालखी टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातून त्रिशूळानं कोहळा फुटतो, आणि त्याच्या तुकड्यासाठी जी झुंबड उडते तिच्यात माणसाच्या चपला जागेवर राहत नाहीत.

या कथेत मी कोण? पहिल्यांदा ऐकताना प्रत्येकजण त्र्यंबोली होतो. राबलो आम्ही, हारतुरे दुसऱ्याला. कर्णासारखंच हेही सोपं सोंग. अवघड प्रश्न पुढचा आहे, की मी कुणाला बोलवायचं विसरले? माझ्या घरात पाठ करून कोण बसलंय? आणि कथेत एक बारकावा आहे, तो मला फार वर्षांनी दिसला. त्र्यंबोलीला कुणी खाली बोलवत नाही. अंबाबाईच टेकडी चढते, तेही एकदा नाही, दरवर्षी. आमच्या घरातलं पाठमोरं माणूस कोण, हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. ते पिठाच्या डब्याशीच उभं होतं.

गेल्या ललिता पंचमीला मी सकाळी दादाकडं गेले. नवरात्रात वहिनीच्या हातची साबुदाण्याची खिचडी खायची, हा माझा वर्षानुवर्षांचा रिवाज. वहिनी साडी बदलून, पायात चप्पल घालून दारातच उभी होती. “वन्सं, आज जेवणाचं तुमचं तुम्ही बघा. मी टेंबलाईला जातो.”

दादानं पेपरातून डोकं वर काढलं. मी पिशवी तशीच खांद्याला ठेवून म्हटलं, “थांब, मीबी येतो.”

टेकडीवर ऊन होतं, ढोल होते, पोलिसांच्या शिट्ट्या होत्या. कोहळा फुटला तसा लोंढा पुढं सरकला आणि वहिनी पदर खोचून सरळ त्या गर्दीत घुसली. तिची पर्स माझ्या हातात होती. आतला फोन वाजला. दादा विचारत होता, दोन वाटी तांदळाला पाणी किती घालायचं.

मी म्हटलं, “मला काय माहीत? ती गर्दीत आहे.”